रक्ताच्या नात्याच्या पीआरपीबाई

या पीआरपीबाई. वास्तव्य मुंबई-पुण्याच्या क्लिनिकांत. पोलादपूर तालुक्यातल्या कापड्यात त्या येत नाहीत, त्यांची कीर्ती तेवढी येते. लग्न ठरेपर्यंत केस टिकावेत म्हणून बाईंच्या वाऱ्या करणारा चाकरमानी शिमग्याला घरी आला, की म्हाताऱ्याचा सवाल ठरलेला: "हातातलं रगत काढून डोक्यात घालायचं, आन् त्याला एवढं पैसं?"

बाईंचा सगळा तोरा रक्ताच्या नात्याचा. "मी का परकी आहे? तुमचीच!" आणि ते खरंच आहे. हातातून रक्त काढून यंत्रात गरगर फिरवतात. तांबड्या पेशी खाली बसल्या, की वरचा पिवळसर, प्लेटलेटनी भरलेला द्रव, म्हणजेच पीआरपी (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा), टाळूत जागोजागी टोचतात. दुखतं, सूज येते, डोकं ठणकतं. बाई म्हणतात, चालायचंच. केस विरळ असतील तर मर्जी. गुळगुळीत टक्कल दिसलं की ओळखही दाखवत नाहीत. मर्जी बसली तरी महिन्या-महिन्याने तीन-चारदा बोलावणार, आणि पुढे जाणं थांबलं की रुसणार. हमी मागाल तर हसतील.

सोवळं मात्र कडक लागतं. न्यू मेक्सिकोतल्या एका स्पामध्ये ते मोडलं. तिथे बाईंना चेहऱ्यावर घेणाऱ्यांपैकी काहींना एचआयव्हीची लागण झाली आणि २०१८ साली स्पाला टाळं लागलं. रक्त आपलं, सुई कुणाची, हे विचारायला लाजू नये.

त्या कॅन्सर करतात, हा आळ सिद्ध झालेला नाही. पण पेशी वाढवणं हा त्यांचा धंदाच; भलीबुरी पेशी ओळखणं त्यांना कुठलं जमायला! म्हणून टाळूवर न भरणारी जखम, रूप बदलणारा तीळ, रक्त येणारी खपली असेल तर बाईंनी बाहेर थांबायचं. आधी त्वचेच्या डॉक्टरने तपासायचं. जास्त संशय घ्यायचा तो उन्हाचा. आपल्या सावळ्या कातडीला कवच आहे, म्हणून कातडीचा कॅन्सर इथे विरळा. पण उघडी टाळू वर्षानुवर्षं तापवणं बरं नव्हे. भर उन्हात राब भाजणारा म्हातारा टोपी काढत नाही. टोपीची लाज वाटते ती पोराला.

बाईंचा खरा पाणउतारा केला महाडने. २०२४ सरताना आणि २०२५ च्या जानेवारीत शेगावकडच्या गावांत माणसांचे केस पटापट गळून टकलं पडली. विंचूदंशावरच्या कामासाठी नावाजलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी शोध घेतला तो रेशनच्या गव्हात. त्यात सेलेनियम फार असल्याचं त्यांनी सांगितलं. पुढे काहींचे केस आपसूक उगवू लागले. एवढी टकलं, आणि बाईंना कुणी साधं विचारलंसुद्धा नाही!