हिंडर

सातवीच्या वर्गात त्या दिवशी फळ्यावर इंग्रजीतला 'हिंडर' हा शब्द होता. अर्थ, आडवे येणे, अडथळा आणणे. आम्ही शेजारी उर्दूत 'रुकावट डालना' असे लिहून दिले. मुलांनी पाच-पाच वेळा घोकले आणि दुसऱ्या दिवशी साफ विसरली. दोष त्यांचा नाही. पेडगावची ही मुले घरात दखनी बोलतात, बाजारात मराठी, आणि पुस्तक उर्दूचे. इंग्रजी कानावर पडते ती फक्त आमच्या तोंडून, आणि आमचे तोंड काही विलायतेचे नाही! राज्यात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आली, तेव्हा आमची पहिली केव्हाच मागे पडली होती. आम्ही पाचवीत एबीसीडी गिरवणारे.

मग युक्ती काढली. 'हिंडर'मध्ये आपले 'हिंडणे' दडलेले आहे. पोरगा हिंडायला निघाला आहे आणि अम्मी दारात आडवी उभी आहे, असे चित्र फळ्यावर काढले. पोरे खदखदून हसली. दुसऱ्या दिवशी विचारताच एकजण उठला, "सर, हिंडनेवाले कू रोकना!" 'बॅरन'ला आम्ही बरड जमीन जोडली. काळ्या मातीच्या मुलखात बरड म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

बी.एड.ला असताना वाचले होते की अमेरिकेत अ‍ॅटकिन्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यासोबत १९७५ साली हीच रीत रशियन शब्द शिकवायला वापरली. परका शब्द ऐकायचा, त्याच्या आवाजाशी जुळणारा ओळखीचा शब्द शोधायचा आणि दोन्ही मिळून एक चित्र मनात धरायचे. आपल्याकडे शब्द पाठ करवण्याची रीत वेगळी होती, पण जुनी होती. अमीर खुसरोंच्या नावावर चालत आलेली 'खालिक बारी' मकतबांत पिढ्यान् पिढ्या पाठ केली गेली. गालिबनी आरिफच्या पोरक्या मुलांसाठी 'कादिरनामा' लिहिला. त्यात फारसी-अरबी शब्द आणि त्यांचे साधे अर्थ पद्यात गुंफलेले आहेत. एवढा मोठा शायर, पण घरातल्या पोरांसाठी शब्दार्थ जुळवत बसला, याचे आम्हाला फार अप्रूप वाटते.

घटक चाचणीत मात्र आमची फजिती झाली. निम्म्या वर्गाने 'हिंडर'चा अर्थ लिहिला, 'घूमना'. हिंडणे लक्षात राहिले, आडवी उभी असलेली अम्मी विसरली! चूक आमचीच. चित्रात आम्ही हिंडणारा पोरगा मोठा काढला होता आणि अम्मी कोपऱ्यात. दुसऱ्यांदा अम्मीच मोठी काढली, आणि प्रत्येकाला स्वतःचे एक वाक्य लिहून आणायला सांगितले.

बहुतेकांनी एकमेकांचे पाहून पाऊस, चिखल, बैलगाडी असे लिहिले. मागच्या बाकावरच्या एका मुलीच्या वहीत मात्र वाक्य होते, 'माय फादर हिंडर्स मी.' क्रियापदाचा 'एस'सुद्धा जागेवर. आम्ही पूर्ण गुण दिले. मधल्या सुट्टीत तिला बोलावून विचारले, तर ती खाली मान घालून म्हणाली, "आठवीं कू परभनी जाना पडता सर. अब्बा नक्को बोले."

संध्याकाळी तिच्या घरी गेलो. वहीची गोष्ट अर्थातच काढली नाही. तिच्या अब्बांनी चहा दिला, मुलीच्या हुशारीचे कौतुक ऐकून घेतले आणि म्हणाले, "सर, आप हमारे घर के जैसे हैं. पन एकली लडकी कू रोज परभनी कैसा भेजना, तुमीच बोलो." काय बोलणार? आमची स्वतःची बहीण सातवीनंतर घरी बसली, तेव्हा आम्ही घरात होतो आणि गप्प होतो.

"भाई, तीन मुली मिळून गेल्या तर?" आम्ही विचारले. ते बराच वेळ कपाकडे पाहत राहिले. "देखेंगे," म्हणाले.

वर्गातल्या आणखी दोन मुलींची घरे त्याच गल्लीत आहेत. एका घरी जाऊन आलो. दुसऱ्या घरी उद्या जायचे आहे.