ओटा आणि माळा

आमच्या आईची पाककृतींची वही आता अशा अवस्थेला आली आहे की, पान उलटताना अनारशांची निम्मी कृती बोटाला चिकटून येते. म्हणून तिच्या साठही पानांचे फोटो काढले आणि घरातल्या घरात बघायला एक छोटी वेबसाइट करायचं मनावर घेतलं. लॅपटॉप चिरंजिवांच्या ताब्यात. तेव्हा सगळा खटाटोप फोनवरच! त्यासाठी 'जँगो' नावाचं वेब फ्रेमवर्क घेतलं. फ्रेमवर्क म्हणजे शेगडी, भांडी, मिसळणाचा डबा सगळं तयार; आपण फक्त फोडणी टाकायची.

टाकली. ब्राउझरमध्ये पान उघडायला गेलो, तर ते काही उघडेना. मागं जाऊन बघतो तो पडद्यावर एकच शब्द : 'किल्ड'! कोणी मारलं, का मारलं, काही नाही. सरकारी पत्रात निदान 'वरील विषयास अनुसरून' तरी असतं.

शेजारचे अण्णा म्हणाले, "मेमरी भरली असेल. कचरा काढा." मी 400 सुप्रभात गुलाबांसकट पुसले. पुन्हा 'किल्ड'.

शेवटी भाच्याला बोलावलं. तो म्हणाला, "मामा, तू माळा झाडलास. गर्दी ओट्यावर आहे."

फोटो राहतात तो माळा. काम चालतं ती रॅम म्हणजे ओटा. माझा ओटा 3 जीबीचा, त्यातही बरीचशी जागा अँड्रॉइडच्याच भांड्यांनी अडवलेली. आणि माझा प्रोग्रॅम फोटो लहान करण्यासाठी साठही फोटो एकदम खाली काढत होता. फोटो माळ्यावर तीन-चार एमबीचा दिसतो, कारण तो रजईसारखा दाबून भरलेला असतो. उलगडला की 12 मेगापिक्सेल, दर ठिपक्याला 3 बाइट, म्हणजे 36 एमबी! साठांचे झाले 2160. जागा संपली की फोन मागं बसलेल्यांना आधी उठवतो. आणि मी ब्राउझरमध्ये गेलो की जँगो मागच्या रांगेत!

"शिवाय," भाचा म्हणाला, "जँगोचा रनसर्व्हर दोन प्रोसेस चालवतो. एक काम करते, दुसरी फाइल बदलली की पहिलीला पुन्हा सुरू करायला नुसती बसून असते."

मला आमचं ऑफिस आठवून गहिवरून आलं. 'नोरीलोड' हा पर्याय देऊन बसून राहणारीला रजा दिली. फोटो एकेक उघडायचा, लहान करायचा, बंद करायचा, मग पुढचा, असं ठरलं. आणि वेबसाइट चालली की हो!

आईला दाखवायला गेलो. हल्ली तिच्या फार लक्षात राहत नाही. पण सगळी हकीगत ऐकून ती म्हणाली, "अरे, एकदम सगळं कशाला काढलंस? चाळीतल्या आपल्या ओट्यावर परात ठेवली की पोळपाट खाली घ्यावा लागायचा. तरी 14 पानांचा स्वयंपाक व्हायचा. एकावेळी एकच काढावं."

मग अनारशांचं पान बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "तू जेवलास का रे?"

दुपारपासून तिसऱ्यांदा विचारत होती. मी म्हटलं, "नाही अजून. वाढ."