बसण्याची सोय

माणसाची बैठक पक्की असावी म्हणतात. माझी गेली बावीस वर्षं पक्की आहे. बँकेच्या काउंटरमागची खुर्ची हलत नाही आणि मीही हलत नाही. (बढतीबरोबर बदली येते, म्हणून मी बढतीच्या वाटेला गेलो नाही.) पण आमच्या तीर्थरूपांची बैठक मात्र गेल्या श्रावणात एकाएकी भिंतीतून निखळली, त्याची ही हकिकत.

आम्ही राहतो माणला. 'ण' बाणातला. साताऱ्याकडचा माण तालुका नव्हे. मुळशी तालुक्यातलं, हिंजवडीच्या आयटी पार्कचा तिसरा टप्पा ज्याच्या शिवारात उभा राहिला ते माण. आमचं न्हाणीघर सहा फूट बाय चार. त्यात अण्णांसाठी भिंतीला घडीचं आसन बसवलं होतं. आंघोळीच्या वेळी खाली पाडायचं, एरवी भिंतीला टेकवून ठेवायचं. माझा ऑस्ट्रेलियातला भाचा मोटारहोम घेऊन, म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाड घेऊन हिंडतो. त्याच्या न्हाणीघरात असंच आसन आहे. जे मोटारीत मावतं ते माणला मावेल, असा माझा हिशेब.

तीन महिन्यांनी एका सकाळी 'खाड्' असा आवाज झाला. धावलो. अण्णा नळ धरून उभे, आसन फरशीवर, आणि चारही स्क्रू आपापल्या प्लॅस्टिकच्या बुचांसकट बाहेर. लागलं कुठंच नव्हतं. जे दुखावलं होतं, त्याला मलम नव्हतं.

"मी काही म्हातारा नाही. आजपासून उभ्यानंच आंघोळ!" अण्णांनी जाहीर केलं. वय सत्याहत्तर.

झालं! रोज सकाळी सातला मी पेपर घेऊन आणि सौ. कणकेचे हात घेऊन न्हाणीघराच्या दारापाशी घुटमळू लागलो. आत तांब्याचा आवाज चालू असला की बरं वाटे. तो जरा थांबला की आमचा श्वासही थांबे. विचारायची सोय नव्हती. एकदा विचारलं होतं, तेव्हा "जिवंत आहे!" असं उत्तर शेजाऱ्यांनाही ऐकू गेलं होतं.

शेवटी मिस्त्रीला बोलावलं. त्यानं ड्रिल लावून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, हे तर लोण्यात गेल्यासारखं जातंय." तेव्हा कळलं की आमच्या भिंती विटांच्या नाहीत, एएसी ब्लॉकच्या आहेत. सिमेंट, चुना आणि राखेच्या लगद्यात ॲल्युमिनियमची पूड घालतात, वायू सुटतो आणि लगदा ढोकळ्यासारखा फुगतो. एका स्वीडिश वास्तुविशारदानं १९२४ साली याचं पेटंट घेतलं. असा कोरडा ब्लॉक पाण्यावर तरंगतो म्हणे! म्हणजे आमच्या कर्जाला जामीनदार होता, पण आतून पोकळ.

आता आम्ही पडलो बी.कॉम. मी निमूटपणे अण्णांकडे गेलो. अण्णा १९७० पासून २००६ पर्यंत पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते. मी म्हटलं, "अण्णा, मिस्त्री अडलाय."

अण्णांनी चष्मा चढवला, माझ्या खिशातली पे-इन स्लिप काढून उलटी केली आणि पेन्सिलीनं आकृती काढली.

"हे बघ. माझं वजन बहात्तर किलो. भिंतीपासून आठ इंच पुढं. वरच्या-खालच्या स्क्रूंत अंतर चारच इंच. म्हणजे वरच्या जोडीला ओढ किती?"

"बहात्तर?"

"गाढवा, एकशे चव्वेचाळीस! मुद्दलाच्या दुप्पट. तुझी बँक तरी एवढं व्याज घेते का?"

मग फर्मानं सुटली. ज्याच्या भोकांत आठ इंचांचं अंतर आहे असं आसन आण. बुचं फेकून दे. स्टेनलेस स्टीलचे बोल्ट भिंतीतून आरपार घाल. पलीकडून रुंद पोलादी पट्टी लाव, म्हणजे ब्लॉक चिरडणार नाही. भोकं सिलिकॉननं बुजव, पाणी आत जाता कामा नये. रात्री भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, मोटारहोमच्या भिंती म्हणजे दोन पातळ पत्रे आणि मधे फोम. आसनाला पाठीमागून आधार लागतोच." अण्णा म्हणाले, "बघ, मोटारवाल्यांना कळतं."

दोन दिवस अण्णा मिस्त्रीच्या मागं उभे होते. मिस्त्री त्यांना 'साहेब' म्हणू लागला आणि मला म्हणायचा थांबला. पट्टी आणि तिचे चार नट आमच्या शयनगृहात, सौ.च्या बरोबर उशाशी आले. तिनं काही न बोलता त्यावर कालनिर्णय टांगलं.

बसून बघायला मी पुढं झालो.

"ऊठ," अण्णा म्हणाले. "तपासणी तुझं काम नाही."

आणि अण्णा बसले. सावकाश, पूर्ण भार टाकून. जरा पुढं झुकले, मागं रेलले. "ठीक वाटतंय. पण उद्या पुन्हा बघावं लागेल. नवे बोल्ट ढिले होतात."

चार महिने झाले, तपासणी रोज सकाळी सात वाजता चालू आहे. अर्थात, तपासायला बसलंच आहे तर आंघोळही बसूनच उरकते. न्हाणीघरात साबणाशेजारी एक पाना कायमचा ठेवलेला असतो.

मी अजूनही पेपर घेऊन दारापाशी रेंगाळतो. मधेच तांब्याचा आवाज थांबतो. मग आतून बोल्टवर पाना आपटल्याचं 'टक् टक्' ऐकू येतं.

मी पेपर उघडतो.