चौदा नंबरचा भाव

2021च्या ऑगस्ट महिन्यात माझ्या नातवाने मला एका फुटबॉल संघाचा मालक केले. हा संघ कोणत्याही मैदानावर उतरणारा नव्हता. मी तेव्हा न्यूजर्सीत मुलीकडे राहत होतो. तेरा वर्षांचा नातू, त्याचे वडील आणि शेजारपाजारचे काही बाप व मुलगे मिळून दरवर्षी दहा जणांची एक ‘फँटसी लीग’ चालवीत. त्या वर्षी एक भिडू कमी पडला आणि रिकामी जागा भरण्यासाठी मराठीच्या निवृत्त शिक्षकाला पाचारण करण्यात आले. अमेरिकन फुटबॉलविषयी मला एवढेच ठाऊक होते की त्यात चेंडू बहुधा हातानेच खेळला जातो.

खेळाचे स्वरूप नातवाने दोन संध्याकाळी समजावून दिले. व्यावसायिक लीगमधले खरे खेळाडू आपण पाळीपाळीने निवडायचे आणि कागदावरचा संघ तयार करायचा. रविवारी ते खेळाडू आपापल्या खऱ्या संघांकडून जे काही करतील त्याचे गुणांत रूपांतर होते आणि त्या बेरजांवर आमच्या लढती ठरतात. संघाची जवळजवळ प्रत्येक चाल ज्याच्या हातून सुरू होते तो क्वार्टरबॅक. त्याने फेकलेल्या चेंडूवर संघ पंचवीस यार्ड सरकला की एक गुण. त्याच्या फेकीवर टचडाउन झाला तर चार. तो स्वतः चेंडू घेऊन रेषेपार गेला तर सहा. फेकलेला चेंडू प्रतिपक्षाने झेलला तर दोन गुण वजा. या हिशेबात एका गोष्टीला मात्र जागा नाही, ती म्हणजे त्याचा खरा संघ जिंकला की हरला.

हे ऐकताना मला रॉबर्ट कूव्हरच्या 1968 सालच्या कादंबरीची आठवण होत होती. तिचा नायक हेन्री वॉ हा एक एकाकी हिशेबनीस. घरी बसून, फासे टाकून तो बेसबॉलची एक संपूर्ण काल्पनिक लीग चालवतो. एके रात्री फाशांचे दान असे पडते की त्याचा लाडका तरुण खेळाडू मरतो आणि वॉ उन्मळून पडतो. कूव्हरने कादंबरी लिहिली तेव्हा फँटसी फुटबॉलही जन्माला येऊन गेले होते. 1963 साली ओकलंडमध्ये बिल विंकेनबाख आणि त्याच्या मित्रांनी पहिली लीग चालवली. दोहोंतला फरक मात्र विचार करण्यासारखा आहे. कूव्हरच्या नायकाचे खेळाडू खोटे आणि दुःख खरे. आमच्या लीगमधले खेळाडू खरे होते. आम्हांला त्यांच्याविषयी जे वाटत होते ते कितपत खरे होते, हा प्रश्न मला पुढे पडायचा होता.

निवडीच्या रात्री माझी शेवटून दुसरी पाळी आली. राखीव क्वार्टरबॅक घ्यायचा होता. नातवाच्या अंगात त्या वेळी न्यूयॉर्क जेट्सचा हिरवा, 14 क्रमांकाचा सदरा होता. पाठीवर नाव होते डार्नॉल्ड. मी म्हटले, हाच घेऊ या. नातू दचकला. “आजोबा, तो आता जेट्समध्ये नाही. त्याला कुणी घेत नाही. काही व्हॅल्यू नाही त्याला.” मी तरी त्यालाच घेतले. सगळे हसले, कौतुकानेच.

सॅम डार्नॉल्डची कथा मी नंतरच्या काही दिवसांत वाचून काढली. 2018च्या ड्राफ्टमध्ये जेट्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर निवडले. व्यावसायिक कारकिर्दीतली त्याची पहिलीच फेक प्रतिपक्षाने झेलली आणि तिच्यावर टचडाउन केला. सामना मात्र जेट्सने जिंकला. 21 ऑक्टोबर 2019 रोजी न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्ध त्याच्या 32 पैकी 11च फेकी आपल्या माणसांच्या हाती पडल्या, चार प्रतिपक्षाच्या, आणि संघ 33–0 असा हरला. त्या दिवशी त्याच्या अंगावर दूरचित्रवाणीचा मायक्रोफोन होता. बाकावर बसून, आपल्याला भुते दिसताहेत, असे तो म्हणाला आणि ते देशभर ऐकू गेले. खेळाडूंच्या बोलीत याचा अर्थ एवढाच की समोर नसलेले प्रतिस्पर्धीही अंगावर येताहेत असे वाटू लागणे. परंतु बोलीतला अर्थ बोलीबाहेर टिकत नाही. ती भुते त्याच्या नावाला कायमची चिकटली. तीन हंगामांत तो 38 सामन्यांत सुरुवातीपासून खेळला. 13 जिंकले, 25 हरले. 5 एप्रिल 2021 रोजी जेट्सने त्याला कॅरोलायना पँथर्सला देऊन टाकले. मोबदल्यात त्यांना रक्कम मिळाली नाही. मिळाले ते पुढच्या ड्राफ्टांमधले तीन हक्क, एक सहाव्या फेरीतला, एक दुसऱ्या आणि एक चौथ्या. म्हणजे ज्यांची नावेही तेव्हा कुणाला सांगता आली नसती अशा तीन मुलांच्या बदल्यात हा तेवीस वर्षांचा माणूस गेला.

बदली झालेल्या अपयशी क्वार्टरबॅकचे मोल करायचे कसे, हा फँटसीतला जुना वाद आहे आणि साहित्याच्या विद्यार्थ्याला तो परका वाटणार नाही. आकडे त्याच्या नावावर असतात, पण ते एकट्याचे नसतात. त्याच्यापुढे उभे राहून प्रतिपक्षाला थोपवणारे पाच जण, चेंडू झेलणारे, चाली आखणारा प्रशिक्षक, या सर्वांचे मिळून ते असतात. कलाकृती स्वायत्त मानावी की संदर्भाधीन, यावर आपण परिसंवाद घेतो. फँटसीच्या मालकाला त्याचे उत्तर शनिवारी रात्रीपर्यंत द्यावे लागते. आशावाद्यांपाशी एक दाखला होता. रायन टॅनहिल मायामीत ज्या प्रशिक्षकाच्या हाताखाली कोमेजला तो ॲडम गेस. 2019 साली टॅनहिलला टेनेसीला देण्यात आले आणि त्याच हंगामात तो पुनरागमनाच्या पुरस्काराचा मानकरी ठरला. गेस नंतर जेट्सकडे आला आणि दोन हंगाम डार्नॉल्डचा प्रशिक्षक होता. तेव्हा गेसपासून सुटका झाली, आता हाही बहरेल, असे अनुमान निघाले. अनुमान सुबक होते, परंतु एका दृष्टांतावर उभे होते.

मला मात्र दृष्टांताची गरज नव्हती. 1998च्या जूनमध्ये आमच्या तालुक्याच्या गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात कला शाखेची एक तुकडी बंद पडली, तासिका घटल्या आणि सेवाज्येष्ठतेच्या यादीत तळाशी असलेला मी ‘अतिरिक्त’ ठरलो. पत्रात शब्द तोच होता. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत माझे ‘समायोजन’ झाले. सेवापुस्तिका बगलेत मारून मी तेथे रुजू झालो, तेव्हा शिक्षकखोलीत ओळख करून देताना एक जण सहज म्हणाले, “हे आपल्याकडे आलेले अतिरिक्त सर.” पुढे कित्येक महिने ते माझे नावच होते. पहिल्या वर्षी मराठीचा निकाल चांगला लागला तेव्हा हेच लोक म्हणाले, तिकडच्यांना तुमची किंमत कळली नाही. दुसऱ्या वर्षी निकाल उतरला तेव्हा कुणी काही म्हणाले नाही. न बोलण्यातही एक अनुमान असतेच.

सप्टेंबर उजाडला आणि आश्चर्य घडले. पँथर्सचा पहिलाच सामना जेट्सशी होता. डार्नॉल्डने तो जिंकला. पाठोपाठ आणखी दोन. 3 ऑक्टोबरला डॅलसमध्ये त्याने 301 यार्ड फेक केली, दोन टचडाउन फेकून आणि दोन स्वतः धावून केले. चार सामन्यांत त्याचे धावून केलेले टचडाउन झाले पाच. जेट्सकडच्या तिन्ही हंगामांत मिळून तेवढेच होते. डॅलसचा तो सामना पँथर्स 36–28 असा हरले. माझा संघ त्या आठवड्यात जिंकला. नातवाने आनंदाने माझा हात उंचावला आणि मला प्रथमच जरा चमत्कारिक वाटले. पडद्यावर एक माणूस मान खाली घालून मैदानाबाहेर चालला होता आणि त्याच्यामुळे माझ्या घरात जल्लोष चालला होता.

त्याच रात्री नातवाने सल्ला दिला. “आजोबा, आत्ता ट्रेड करा त्याला. आत्ता भाव आहे.” मुद्दा बिनतोड होता. गोलरेषेपाशी चेंडू आल्यावर प्रशिक्षकाने कोणती चाल सांगितली, यावर ते पाच टचडाउन अवलंबून होते. असा योग दर आठवड्याला येत नाही. शिवाय ज्याच्यावर चेंडू सोपवून क्वार्टरबॅकला उसंत मिळे तो ख्रिश्चन मॅकॅफ्री तिसऱ्या सामन्यात जायबंदी झाला होता. हे सगळे मला पटत होते, तरी मी नकार दिला. ‘भाव’ हा शब्द मी वर्गात वर्षानुवर्षे स्थायी आणि संचारी असे भेद पाडून शिकवला; बाजारातला भाव हा त्यांतला संचारी, एवढाच विनोद मी केला. नातवाला तो समजला नाही. खरे कारण मी त्याला सांगितले नाही. उपेक्षित कवीची बाजू घेणाऱ्या समीक्षकाला जो मद चढतो तो मला चढला होता. त्या मदात कवीपेक्षा आपणच अधिक असतो.

पुढच्या सामन्यात त्याच्या तीन फेकी प्रतिपक्षाने झेलल्या. मग आणखी एक पराभव. 24 ऑक्टोबरला पँथर्स जायंट्सशी खेळायला आले ते न्यूजर्सीतल्या त्याच मैदानावर, जेथे डार्नॉल्ड तीन हंगाम जेट्सकडून खेळला होता. संघ 25–3 असा हरला आणि अखेरच्या सत्रात प्रशिक्षकाने त्याला बाहेर बसवले. मंगळवारी नातू फोन घेऊन माझ्याजवळ आला. नवा क्वार्टरबॅक घ्यायचा तर कुणाला तरी सोडावे लागणार होते. नावापुढे एक खूण होती, तिच्यावर बोट ठेवायचे, बस्स. मी ठेवले. पडद्यावर ‘खात्री आहे का’ असे विचारले गेले आणि मी तीही दिली.

त्या रात्री मला झोप आली नाही, असे लिहिले तर ते खोटे ठरेल. झोप लागली. सकाळी चहा घेताना मात्र 1998चे ते पत्र आठवले आणि ते लिहिणाऱ्या मुख्याध्यापकांविषयी इतकी वर्षे जपलेला राग जरा सैल झाला. त्यांच्यापुढेही एक यादी होती, तिच्यात एक जागा जास्त होती, आणि बोट कुठेतरी ठेवायचे होते. राग सैल झाला याचा आनंद मात्र झाला नाही. अन्याय करणाऱ्याला आपण क्षमा करतो त्यात थोडे त्याच्या रांगेत जाऊन उभे राहणे असते, हे तोवर ध्यानात आले नव्हते.

डार्नॉल्डचा तो हंगाम 9 टचडाउन फेकी आणि 13 इंटरसेप्शनवर संपला. प्रशिक्षक बदलला की माणूस बहरतो, हे अनुमान खोटे ठरले. मग जे म्हणत होते की दोष त्याच्यातच आहे, ते खरे ठरले काय? 2024 साली मिनेसोटा व्हायकिंग्जकडून त्याने 35 टचडाउन फेकले आणि संघाने 14 सामने जिंकले. ज्यांनी त्याला हंगामाच्या आरंभी निवडले नव्हते, ते आता म्हणू लागले की संदर्भच सर्वस्व. प्लेऑफमधल्या एका पराभवानंतर तेही गप्प झाले आणि व्हायकिंग्जने त्याला जाऊ दिले. माझ्या मते, दोन्ही पक्षांची चूक एकच होती. ते वाचन संपण्याआधी निकाल लिहीत होते. आपणही पहिल्या दोन संग्रहांवरून कवीला इतिहासात जागा देतो आणि तिसऱ्या संग्रहाने अडचण केली की त्याला ‘अपवाद’ म्हणतो. फँटसीच्या मालकाला निदान एक सबब आहे, त्याला दर आठवड्याला निकाल द्यावाच लागतो. आपल्याला ती सक्ती कुणी केली आहे?

2026च्या फेब्रुवारीत एका सोमवारी सकाळी नातवाचा फोन आला. मी इकडे गावी होतो. तो आता कॉलेजात आहे, आणि त्याच्याकडे आदल्या दिवसाची रात्र चालली होती. सिॲटल सीहॉक्सने सुपर बोल जिंकला होता. क्वार्टरबॅक डार्नॉल्ड, सदऱ्याचा क्रमांक चौदाच. समोर संघ होता न्यू इंग्लंड पेट्रियट्स, ज्यांच्याविरुद्ध त्याला भुते दिसली होती तोच.

“आजोबा, तुमचा डार्नॉल्ड जिंकला!”

मी म्हटले, “माझा कुठला? मी तर त्याला सोडून दिला होता.”

पलीकडे गोंगाट होता. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “सगळ्यांनीच सोडला होता, आजोबा.”