दुसरी बॅटरी

आमच्या वसईत जुन्या माणसांच्या तोंडी ‘बॅटरी’ म्हणजे हातात धरायचा विजेचा दिवा. रात्री वाडीत फेरी मारायची असली, की ‘बॅटरी घे रे’ असे सांगितले जाई. पुढे घरोघरी मोटारी आणि इन्व्हर्टर आले आणि हाच शब्द त्या जड, काळ्या पेटीला चिकटला. पेट्या दिसायला सारख्या. त्यामुळे सगळ्या बॅटऱ्या एकाच जातीच्या, अशी आपली समजूत होते. वस्तुतः तसे नाही. गाडीची बॅटरी शर्यतीच्या बैलासारखी असते. सेल्फ मारताना दोन-तीन सेकंद दोनशेहून अधिक अँपिअरचा जोर तिने लावावा आणि मग बाजूला व्हावे, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. त्यासाठी तिच्यात शिशाच्या पातळ पट्ट्या पुष्कळ संख्येने बसवलेल्या असतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीतल्या पट्ट्या जाड असतात. ती औताचा बैल; बेताचा भार तासन् तास ओढणारी. शर्यतीच्या बैलाला रोज नांगराला जुंपले तर तो खचतो. गाडीची बॅटरीही वरचेवर पूर्ण रिकामी केली, तर लवकरच कामातून जाते. एरवी या विषयाशी माझा काही संबंध येण्याचे कारण नव्हते. तो आला माझ्या वडिलांमुळे.

वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. १९६९ साली त्यांची नेमणूक मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर झाली. तेव्हा हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा झाला तो २०१४ साली. समुद्रकाठी वाढलेला हा तरुण त्या डोंगरात अकरा वर्षे राहिला, वारली आणि कोकणा मुलांना शिकवीत राहिला. बदली होऊन परत आल्यावरही वर्षातून एकदा तरी त्यांची तिकडे फेरी होत असे. २०२१ साली मात्र त्यांच्या फुप्फुसांचा जुना विकार बळावला. झोपेत श्वास उथळ होई आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून राही. डॉक्टरांनी बायपॅप नावाचे यंत्र दिले. नाकातोंडावर मुखवटा बांधायचा आणि यंत्राने बेताच्या दाबाने हवा आत ढकलायची. ‘एक रात्रही यंत्राविना नको,’ असे त्यांनी बजावले होते. दिवसा वडील ओट्यावर बसून वर्तमानपत्र वाचीत, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत. पण दिवेलागणीनंतर त्यांचे जग भिंतीतल्या प्लगपाशी येऊन थांबे. तेव्हापासून ते घराबाहेर एकदाही झोपले नव्हते.

२०२३ च्या नोव्हेंबरात पाड्यावरून निरोप आला. त्यांच्या पहिल्या वर्गातली मुले, आता साठी ओलांडलेली, जानेवारीत एकत्र जमणार होती. गुरुजींनी यावे आणि एक रात्र राहावे, असा आग्रह होता. वसईहून मनोर, विक्रमगड, जव्हार करीत मोखाड्याकडे जायचे आणि शेवटी कच्चा रस्ता. एका दिवसात जाऊन येणे त्यांना झेपणारे नव्हते. पाड्यावर वीज आहे; पण ती रात्रभर राहील याची हमी कोणी देईना. यंत्राच्या पोटात स्वतःची बॅटरी नाही. वडील म्हणाले, “माझा नमस्कार कळव. एका रात्रीसाठी एवढा खटाटोप नको.” हे सांगताना त्यांनी वर्तमानपत्र उलटे धरले होते. मी काही बोललो नाही, पण त्या दिवसापासून हिशेबाला लागलो.

आमच्या घरी १९९४ सालची महिंद्राची एमएम ५४० जीप आहे. थोरल्या भावाने ती वाडीतली केळी आणि भाजी वाहण्यासाठी घेतली होती. तिचे प्युजो पद्धतीचे डिझेल इंजिन एकदा सुरू झाले, की जवळजवळ विजेवाचून चालते. सेल्फ लागत नसला तरी उतारावरून सोडून ते सुरू करता येते. म्हणून जुने चालक रात्री गाडीचे तोंड उताराकडे करून ठेवीत. परंतु पाड्यावरची घराजवळची जागा सपाट आणि जानेवारीची तिथली पहाट चांगली थंड. थंडीत हीटर तापवल्याशिवाय हे इंजिन दाद देत नाही आणि हीटर तापतो तो बॅटरीवरच. म्हणजे रात्रभर त्या एकाच पेटीतून श्वासाचे यंत्र चालवायचे आणि पहाटे तिच्याकडूनच हीटर आणि सेल्फ यांची अपेक्षा ठेवायची. दुखणाईत माणसाला डोंगरात नेऊन तिथेच अडकून पडायचे, हे कोणत्याही घरात चालण्यासारखे नव्हते.

यंत्रावर छापलेला आकडा मोठा असतो. तो कमाल भार. यंत्र पुरवणाऱ्याला विचारता कळले, की हवा दमट करणारा तापक बंद ठेवला तर प्रत्यक्षात चाळीस-पंचेचाळीस वॅट पुरतात. बारा व्होल्टवर ते चार अँपिअरच्या आत येते. मधली गळती धरून साडेचार. आठ तासांचे झाले छत्तीस अँपिअर-अवर. शंभर अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे पाच अँपिअरने वीस तास. पण शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणून हाती आले पन्नास. छत्तीस वजा जाता चौदा शिल्लक. वडिलांनी हा हिशेब माझ्या हातातून घेऊन स्वतः वहीत मांडला आणि उत्तराखाली दुहेरी रेघ मारली. खटाटोप नको म्हणणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही प्रगतीच होती.

उपाय सुचवणारे पुष्कळ भेटले. भावाचे म्हणणे, आहे ती बॅटरी काढून तिच्या जागी दुप्पट मोठी बसवू. ऐकायला सोपे, पण रांजण कितीही मोठा केला तरी तो एकच राहतो. रात्री त्यातले किती पाणी गेले हे पहाटे सेल्फ मारल्यावरच कळणार. एका दुकानातल्या मुलाने दुसरी बॅटरी पहिलीला सरळ जोडून देण्याची तयारी दाखवली. प्लसला प्लस, मायनसला मायनस, अर्ध्या तासाचे काम. (मोठ्या मालट्रकांत एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडून चोवीस व्होल्ट करतात, ते प्रकरण निराळे.) वडील शेजारच्या स्टुलावर बसले होते. त्यांनी विचारले, “दोन्ही जोडलेल्याच राहिल्या, तर रात्री पहिलीही दुसरीबरोबर उतरणार नाही का?”

“उतरणार, सर,” मुलगा म्हणाला, “पण हळूहळू उतरेल.”

वडिलांनी त्याचे आभार मानले आणि आम्ही बाहेर पडलो. परत येताना ते म्हणाले, “पोरगा हुशार आहे. उत्तर बरोबर दिलं.”

शेवटी आम्ही गाठले ते आमचे जुने मिस्त्री. चाळीस वर्षे गाड्यांचे वायरिंग करणारा हा गृहस्थ समोर अल्टरनेटर असला तरी त्याला डायनमोच म्हणतो. सारे ऐकून तो म्हणाला, “गुरुजी, बॅटरी बसवायला अर्धा तास पुरे. कधी जोडायची न् कधी तोडायची, ते ठरवायला दिवस लागतो.” मग त्याने तीन वाटा सांगितल्या. पहिली, मध्ये हाताने फिरवायचा स्विच. पण फिरवणारा माणूस विसरतो. दुसरी डायोडची, त्यातून वीज एकाच दिशेने जाते हे खरे, परंतु प्रत्येक वेळी अर्ध्या-पाऊण व्होल्टचा जकात-कर भरावा लागतो आणि दुसरी बॅटरी कधीच पोटभर चार्ज होत नाही. तिसरी वाट व्होल्टेज ओळखणाऱ्या रिलेची. तीच त्याने निवडली.

या रिलेचे शहाणपण दोन आकड्यांत आहे. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ किंवा १२.७ व्होल्ट दाखवते. इंजिन सुरू होऊन डायनमो (मिस्त्रींच्या मानासाठी मीही तोच शब्द वापरतो) फिरू लागला, की व्होल्टेज हळूहळू चौदाच्या पुढे चढते. वाटेत १३.३ चा टप्पा आला, की रिले समजतो, पहिलीचे पोट भरत आले आहे. मग तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि दुसरीची पंगत बसते. इंजिन बंद केल्यावर थोड्या वेळाने व्होल्टेज १२.८ च्या खाली येते आणि रिले त्या दोघींची फारकत करतो. मग दुसरी रात्रभर कितीही उतरो, पहिलीला त्याची गंधवार्ता नसते. कोणी स्विच फिरवायचा नाही, कोणी लक्षात ठेवायचे नाही. अर्थात, हे आमच्या जुन्या जीपपुरते. भाच्याच्या नव्या गाडीत इंधन वाचवण्यासाठी संगणक डायनमोचे व्होल्टेज सतत खालीवर करतो. तिथे असा रिले गोंधळतो आणि बॅटरीतून बॅटरी चार्ज करणारे वेगळे यंत्र बसवावे लागते.

वायरीवरून भाऊ आणि मिस्त्री यांच्यात थोडी वादावादी झाली. भावाने घरातली चार चौरस मिलिमीटरची वायर काढून ठेवली होती. पुढच्या बॉनेटपासून मागच्या बाकापर्यंत चार मीटर, परतीचे चार. अशा आठ मीटरांत तीस अँपिअर वाहू लागले, तर त्या वायरीत एक व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो. चौदा निघाले आणि तेरा पोचले, तर चार तासांच्या प्रवासात बॅटरी भरायचीच राहून जाते. सोळा चौरस मिलिमीटरच्या वायरीत ही तूट पाव व्होल्टवर येते. भावाने आकडे ऐकून माघार घेतली. जीपच्या बॉडीवर भरवसा न ठेवता मिस्त्रींनी मायनसची काळी वायरही निराळी ओढली. गंजलेल्या पत्र्यातून वीज कुरकुरत जाते, असे ते म्हणाले. फ्यूज त्यांनी दोन लावले, साठ-साठ अँपिअरचे, प्रत्येक बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरावर. एक का पुरत नाही, असे मी विचारले. या वायरीच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे. मधे कुठे ती घासून पत्र्याला टेकली, तर वीज दोन्ही बाजूंनी धावून येणार. एवढ्या बॅटरीतून अशा वेळी हजाराच्या घरात अँपिअर वाहू शकतात आणि फ्यूज नसेल तर वायरच विस्तव होते. म्हणून बॉनेटच्या पत्र्यातून वायर जिथे आत येते, तिथे रबराची चकती बसवून त्यांनी ती बोटाने तीनदा चाचपून पाहिली.

सर्वांत अधिक विचार झाला तो पेटीच्या जागेचा. साधी पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत तो चार टक्के झाला तरी ठिणगीने पेटतो. शिवाय तिच्यातून आम्लाचे सूक्ष्म तुषारही उडतात. इंजिनाशेजारी, उघड्यावर हे चालून जाते. आमची दुसरी बॅटरी मात्र मागच्या बाकाखाली, म्हणजे ज्या माणसाच्या फुप्फुसांसाठी हा उद्योग त्याच्याच पायाशी राहणार होती. तेव्हा बंदिस्त जातीची बॅटरी घेतली, तिला झाकणाची पेटी केली आणि पेटीतून एक नळी जीपच्या तळाबाहेर काढली. तीस किलोचे ते धूड घाटातल्या वळणावर सरकू नये म्हणून लोखंडी अँगलमध्ये नटबोल्टने आवळले. यंत्रासाठी बाराचे चोवीस व्होल्ट करणारा छोटा कन्व्हर्टर लावला. बाराचे २३० आणि २३० चे पुन्हा चोवीस, असा फेरा घालण्यात वीज वाया जाते.

नाताळानंतरच्या एका रात्री अंगणात रंगीत तालीम केली. जीप खिडकीपाशी उभी केली, वायर आत घेतली, यंत्र भिंतीच्या प्लगवरून काढून बॅटरीवर लावले. वडील दहा वाजता झोपले. मी खुर्ची टाकून व्होल्टमीटरपाशी बसलो. आई मधून मधून उठून येई, आकडा विचारी आणि तिला त्यातले काही कळत नसल्याने माझा चेहरा पाहून परत जाई. यंत्राचा तो एकसुरी आवाज मी इतकी वर्षे ऐकत आलो होतो; पण तो इतक्या लक्षपूर्वक कधी ऐकला नव्हता. आत ओढलेला श्वास, बाहेर सोडलेला श्वास. प्रत्येकामागे पायाशी पडलेल्या पेटीतून थोडेसे काहीतरी कमी होत होते. दोन वाजता १२.५. चार वाजता १२.४. सहाला १२.३. बॉनेटखालची पहिली बॅटरी १२.६ वर जशीच्या तशी. सेल्फ मारला, पहिल्याच झटक्यात इंजिन लागले आणि मिनिटभराने रिलेचा ‘टक्’ असा आवाज आला. वडील मुखवटा काढून खिडकीशी आले होते. त्यांनी वही मागवून घेतली आणि आदल्या आकड्यांशेजारी हे आकडे लिहिले.

जानेवारी २०२४ मध्ये आम्ही गेलो. खबरदारी म्हणून प्राणवायूचा सिलिंडर बरोबर घेतला होता; तो उघडावा लागला नाही. पाड्यावरची वीज रात्री अकराच्या सुमारास गेली आणि उजाडेपर्यंत आली नाही. शेकोटीभोवती म्हाताऱ्या विद्यार्थ्यांच्या गप्पा चालल्या होत्या, त्यांत कोणाचे तिकडे लक्षही गेले नाही. आत वडील झोपले होते.

सकाळी निघताना सारे जण जीपभोवती जमले. वडिलांनी बाकाखालच्या पेटीचे झाकण उघडायला लावले आणि काठीच्या टोकाने लाल वायर कुठून येते, फ्यूज कुठे आहे, रिले काय करतो, ते क्रमाने दाखवले. साठी-पासष्टीची माणसे मान डोलावीत होती. भावाने सेल्फ मारला. “आता गप्प राहा,” वडील म्हणाले. सगळे गप्प झाले. इंजिनाच्या घरघरीतून ‘टक्’ असा आवाज आला, तेव्हा त्यांनी काठी वर उचलली.

“गुरुजी, आता परत कधी?” कोणीतरी विचारले.

“मे महिन्यात,” वडील म्हणाले. “पाऊस लागायच्या आत.”