पायाखालची फरशी

मैत्रिणींनो, एस.टी. स्टँडवर पोचल्यावर तुम्ही आधी काय पाहता? गाडीचा फलक, मग पिशव्या, मग मुलं. मी मात्र हल्ली खाली पाहते. फरशीकडे! हसू नका, कारण सांगते.

गेल्या श्रावणात आमच्या सासूबाई मोरीपुढे घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. तिथली आरशासारखी टाइल मी निवडली होती, दुकानात तीन फेऱ्या मारून. त्या एका शब्दाने टाकून बोलल्या नाहीत. "दिसायला छान होती गं," एवढंच म्हणाल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून शाळेला जाता-येता मी फरशा न्याहाळते. आपलं नगर (२०२४ पासून अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं) म्हणजे एस.टी.चं माहेरच. १ जून १९४८ ला पहिली गाडी धावली ती पुणे-नगर रस्त्यावर. घरात सहा माणसं वावरतात. स्टँडवर चिखलाच्या चपला, गळक्या छत्र्या, ओढलेल्या ट्रंका, सगळं फरशीच्याच माथी.

जुन्या लोकांची निवड शहाबादी. कर्नाटकातला हा दगड थराथरानं निघतो. न घासलेली फरशी मुळातच खरबरीत असते आणि ओला पाय धरून ठेवते. सांधे तेवढे नीट भरून घ्यायचे, नाहीतर घाण बसते. राजस्थानचा कोटा तिचाच भाऊबंद. दोन्ही चुनखडीचे दगड, म्हणून अ‍ॅसिड ओतू नका, लिंबू-चिंचेचाही डाग पडतो. मोझॅकमध्ये सिमेंटात संगमरवराची खडी असते, त्यामुळे ती पुन्हा घासून घेता येते. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही. डाग पडत नाही हा गुण खरा, पण पाणी वरच राहतं, आणि वर चकाकी असली की पाय गेलाच म्हणून समजा! तीच टाइल मॅटही मिळते. दुकानदाराने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

माघात सासूबाईंना घेऊन पुण्याला नणंदेकडे गेले. पंचाहत्तरी उलटल्यामुळे त्यांचा प्रवास फुकट, आणि २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट. रामवाडीला मेट्रो धरली. ते स्थानक मार्च २०२४ मध्ये सुरू झालं. आत पिवळ्या टाइल्सचा पट्टा. उंच रेघा म्हणजे 'चला', गोल टिकल्या म्हणजे 'थांबा, जपून'. दिसत नाही त्यांना पायानं वाचता यावं म्हणून जपानच्या सेइइची मियाके यांनी ही कल्पना काढली; १९६७ मध्ये ओकायामाच्या रस्त्यावर ती प्रथम बसली. सासूबाईंनी आधी काठी टेकवली, मग चप्पल काढून पाऊल ठेवून पाहिलं. "मोरीपुढे असलं काही..." म्हणाल्या आणि गप्प झाल्या.

घरी आल्यावर गवंड्याला निरोप धाडला. तुम्ही टाइल घेणार असाल तर आधी एक तुकडा घरी आणा, त्यावर साबणाचं पाणी ओता आणि भिंत धरून अनवाणी उभ्या राहून पाहा. आमच्या मोरीपुढच्या आठ टाइल्स निघाल्या, तिथे न घासलेली शहाबादी बसली. रंग अजिबात जुळत नाही. हळदीकुंकवाला आलेली प्रत्येकजण विचारते, हा ठिगळ कशाला?


सासूबाईच उत्तर देतात, "सुनेनं माझ्यासाठी लावलाय."