देहाची साक्ष

म्हसावदला आमची नेमणूक झाल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यातील ही गोष्ट. ऊसतोडीहून गावी निघालेला एक तरुण घरी पोहोचलाच नाही. तिसऱ्या दिवशी सातपुड्याच्या पायथ्याशी एका कोरड्या नाल्यात त्याचा देह सापडला. सर्पदंश झाला असावा, असे जमलेल्या मंडळींनी ठरवले. दुर्गंधी सुटली होती. मातेला ते दृश्य फार वेळ पाहावे लागू नये म्हणून आम्हीही घाई केली. पोलिसांना न कळवताच सूर्यास्तापूर्वी दफनविधी उरकला.

आठवडाभराने ती माउली आमच्याकडे आली. म्हणाली, "फादर, माझा लेक केव्हा गेला? पहिल्या रात्री आम्ही कंदील घेऊन हाका मारत फिरत होतो, तेव्हा तो जिवंत होता का?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. देह हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, असे सेमिनरीत आम्ही शिकलो होतो. परंतु ते मंदिर ढासळू लागल्यावरही काही सांगत असते, हे आम्हांला कोणी शिकवले नव्हते. त्या प्रश्नाने आम्हांला न्यायवैद्यकाची पुस्तके उघडावयास लावली.

मृत्यूनंतर देह थंड होऊ लागतो, रक्त खालच्या भागात साकळते, स्नायू ताठरतात. ही ताठरता उत्तर भारतात हिवाळ्यात २४ ते ४८ तास, तर उन्हाळ्यात १८ ते ३६ तासच टिकते. पुढे पोटाच्या उजव्या खालच्या भागी हिरवट डाग उमटतो आणि कुजण्यास आरंभ होतो. उघड्या हवेत एका आठवड्यात जे घडते, त्यास पाण्यात दोन व मातीत आठ आठवडे लागतात, असा एक जुना ठोकताळा आहे. माश्या तर काही वेळातच येऊन अंडी घालतात. अळीची जात, तिची वाढ आणि हवेतील उष्णता यांवरून मृत्यूस निदान किती काळ लोटला, हे तज्ज्ञ सांगू शकतात. ज्या अळ्या आम्ही किळसेने धुऊन टाकावयास लावल्या, त्यांच्यापाशीच कदाचित त्या मातेचे उत्तर होते!

हे शास्त्र नम्रही आहे. अमेरिकेतील टेनेसीचे प्राध्यापक विल्यम बास यांनी १९७७ साली एका उकरलेल्या कबरीतील देह पाहून, मृत्यूस फार तर वर्ष झाले असावे, असा अंदाज केला. तो देह निघाला १८६४ साली युद्धात पडलेल्या कर्नल विल्यम शाय यांचा! मसाला भरून लोखंडी शवपेटीत ठेवल्यामुळे तो टिकला होता. ११३ वर्षांची ही चूक बास यांनी उघडपणे मान्य केली. १९८० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी विद्यापीठात एक कुंपण घातलेली जागा मिळवली. तेथे दान मिळालेले देह उन्हात, सावलीत व मातीत ठेवून रोज नोंदी घेतल्या जाऊ लागल्या. आजही हे शास्त्र नेमकी घटका सांगत नाही, काळाची एक मर्यादा सांगते.

वाचकहो, या साक्षीचे मोल आपल्याच जिल्ह्यातील एका पित्याने जाणले होते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये धडगाव तालुक्यात त्याची विवाहित कन्या मृतावस्थेत सापडली. तिचा घात झाला, असा त्याचा आरोप होता आणि पहिल्या शवविच्छेदनाने त्याचे समाधान झाले नव्हते. त्याने तिचा देह मिठाच्या खड्ड्यात सुमारे दीड महिना जपून ठेवला. मीठ ओलावा शोषून घेते, म्हणून कुजणे मंदावते. अखेर सप्टेंबरमध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात फेरतपासणी झाली. ज्या पित्याचे कोणी ऐकत नव्हते, त्याने कन्येच्या देहाला बोलण्यासाठी अवधी मिळवून दिला. आम्ही मात्र एका मातेचा तो अवधी काही तासांत संपवला होता.

बेथानीला लाजराच्या कबरीपाशी मार्थेने चार दिवस मोजले होते आणि दुर्गंधीची सूचना प्रभूला दिली होती. तरी धोंड बाजूला करण्याची आज्ञा प्रभूने मागे घेतली नाही. मृतांना मूठमाती देणे हे दयेचे कृत्य खरेच, परंतु दयेला घाईचे रूप येऊ नये.

त्या माउलीची आम्ही क्षमा मागितली. तिने ती दिलीही. तिच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आम्ही तिच्या लेकासोबतच पुरून बसलो होतो. आता आमच्या धर्मग्रामात कोणाचाही मृत्यू अकस्मात झाला, तर पोलिसांना कळवून पंचनामा व शवविच्छेदन झाल्यावाचून आम्ही कबर खोदू देत नाही. लोक दुर्गंधीची तक्रार करतात. तेव्हा आम्ही त्या देहापाशी बसून जपमाळ म्हणतो आणि थांबतो.